बाणाईचा अर्धा गड: जागरणातला खंडोबा आणि ‘जय मल्हार’मधला खंडोबा

जेजुरीचा गड चढू लागले की निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. बहुतेक भाविक तेथे क्षणभर थांबतात, चिमूटभर भंडारा वाहतात आणि वर निघतात, कारण खंडोबा वर आहे आणि गाभाऱ्यात त्याच्या शेजारी म्हाळसा आहे. दोघीही देवाच्याच राण्या असताना एक वर आणि एक मध्यावर का, याचे उत्तर लोककथेत असे मिळते की दोघींचे भांडण काही केल्या मिटेना, तेव्हा देवाने गडच वाटून दिला. वरचा अर्धा म्हाळसेचा आणि खालचा अर्धा बाणाईचा. भांडण मिटले असे कथा म्हणत नाही. ते दर जागरणात, म्हणजे देवाच्या नावाने रात्रभर चालणाऱ्या गाण्यांच्या विधीत, नव्याने उभे राहते आणि उजाडताना तसेच सोडून दिले जाते.

हीच कथा ‘जय मल्हार’ या मालिकेतून छोट्या पडद्यावर आली तेव्हा तिचे काय झाले, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. मालिकेचे सगळे गुणदोष येथे तपासलेले नाहीत. मणी-मल्लाचे युद्ध, त्यासाठी वापरलेली संगणकीय दृश्ये, संगीत, वेशभूषा हे सारे बाजूला ठेवून म्हाळसा, बाणाई आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला देव एवढाच धागा घेतला आहे, कारण लोकदैवत आणि दूरचित्रवाणी यांच्यातला फरक या धाग्यावर सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रकरणाची पार्श्वभूमी

‘जय मल्हार’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर १८ मे २०१४ रोजी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०१७ रोजी संपली. निर्मिती महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनची होती. खंडोबाच्या भूमिकेत देवदत्त नागे, म्हाळसेच्या भूमिकेत सुरभी हांडे आणि बानूच्या भूमिकेत ईशा केसकर होत्या. (मालिकेने ‘बानू’ हे रूप वापरले. गाण्यांत बाणाई, बानाई, बानू ही सगळी रूपे येतात. येथे परंपरेविषयी बोलताना बाणाई आणि मालिकेविषयी बोलताना बानू असे म्हटले आहे.) रोजच्या कौटुंबिक मालिकांच्या रांगेत एका लोकदैवताची कथा जवळजवळ तीन वर्षे टिकली, ही मराठी दूरचित्रवाणीच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. पुढे त्याच निर्मितिसंस्थेने दुसऱ्या वाहिनीसाठी २०१७ मध्ये विठ्ठलावर आणि २०२० मध्ये जोतिबावर मालिका केल्या, त्या अर्थाने हे प्रकरण एका मालिकेपुरते राहिले नाही.

दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये रामायण आले तेव्हा त्यामागे सर्वांना ठाऊक असलेला, शतकानुशतके वाचला गेलेला ग्रंथ होता. खंडोबाचे तसे नाही. ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणून सांगितले जाणारे संस्कृत ‘मल्हारिमाहात्म्य’ आहे आणि त्यावरून झालेल्या मराठी रचनाही आहेत, परंतु त्या माहात्म्याचा सारा भर मार्तंडभैरवाने मणी आणि मल्ल या दैत्यांना कसे जिंकले यावर आहे. मार्गशीर्षातले षड्‌रात्र आणि चंपाषष्ठी ही त्या विजयाचीच आठवण. बाणाई मात्र मुख्यतः गाण्यात राहते. ती धनगरांच्या ओव्यांत आहे, वाघ्या-मुरळी या खंडोबाच्या गाणाऱ्या उपासकांच्या पदांत आहे, जात्यावरच्या ओव्यांत आहे. म्हणजे देवाच्या चरित्राचा एक भाग पोथीत आणि दुसरा भाग लोकांच्या तोंडी, आणि तोंडी भाग प्रत्येक गावात, प्रत्येक समाजात थोडा वेगळा. पटकथा लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण हीच असते की कोणाचे ऐकायचे.

ही विविधता वरवरची नाही. खंडोबाच्या राण्या पाच सांगतात: म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची आणि चंदाई तेल्याची. प्रत्येक नाव म्हणजे एका समाजाने देवाशी जोडलेली सोयरीक आहे, आणि सोयरीक जोडली म्हणजे देव आपल्या घरचा जावई झाला. म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेटची लेक, तिचे लग्न सातारा जिल्ह्यातल्या पाल येथे लागले आणि आजही पौषात पालीला देवाचे लग्न लागते. बाणाई नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या चंदनपुरीची, तेथेही पौषात यात्रा भरते. जेजुरी, पाल, चंदनपुरी, नेवासे, अणदूर-नळदुर्ग, नांदेड जिल्ह्यातले माळेगाव, त्याखेरीज कर्नाटकातला मैलार आणि तेलंगणातला मल्लण्णा हे सारे एकाच दैवताचे विस्तार आहेत. कोमुरवेल्लीच्या मल्लण्णालाही दोन राण्या आहेत, मेडालम्मा आणि केतम्मा, आणि त्यांतली केतम्मा गोल्ल म्हणजे पशुपालक समाजाची. भाषा बदलली, नाव बदलले, तरी देवाचे दुसरे घर गुरे-मेंढरे राखणाऱ्यांचेच राहिले, हे लक्षात ठेवले म्हणजे बाणाईची कथा ही मागाहून चिकटवलेली गंमत नव्हे हे कळते. रा. चिं. ढेरे यांच्यापासून गुंथर सोंथायमर यांच्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी खंडोबाचा मनापासून अभ्यास केला, त्यांना धनगरांच्या वाड्यावर जावेच लागले.

गाण्यातली बाणाई

कथा थोडक्यात अशी. देव आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसतात. देव डाव हरतो आणि पैजेप्रमाणे त्याला घर सोडून जावे लागते. बाणाईच्या ओढीने तो चंदनपुरीला जातो, पण देव म्हणून जात नाही. म्हाताऱ्याचे, आजारी, पाहणाऱ्याने तोंड फिरवावे असे रूप घेतो आणि बाणाईच्या बापाच्या वाड्यावर मेंढरे राखायला चाकर म्हणून राहतो. काही गाण्यांत ही चाकरी बारा वर्षांची आहे. एके दिवशी तो सगळी मेंढरे मारून टाकतो आणि बाणाईने लग्नाला होकार दिला तर ती जिवंत करीन म्हणतो. मेंढरे उठतात, लग्न लागते आणि देव तिला घोड्यावर घेऊन जेजुरीला येतो. तेथे म्हाळसा दारात उभी असते.

यापुढचा भाग गाणारे मन लावून गातात. म्हाळसा बाणाईला तिच्या मेंढरांवरून, तिच्या घोंगडीवरून, तिला चूल येत नाही यावरून बोलते. बाणाई म्हाळसेला तिच्या सोवळ्यावरून, तिच्या वाणीपणावरून, घरात कोंडून बसण्यावरून उत्तर देते. एका बाजूला पेठ, स्वयंपाकघर आणि पंचपक्वान्न, दुसऱ्या बाजूला रान, कळप आणि उघडे आभाळ. देव दोघींच्या मध्ये गप्प. ऐकणाऱ्यांत दोन्हीकडचे लोक बसलेले असतात, त्यामुळे गाणाऱ्याला एकीची बाजू पडती दाखवून चालत नाही, आणि त्याला तसे दाखवायचेही नसते.

जागरण ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. अंगणात किंवा मांडवात उसाचा नाहीतर ज्वारीच्या ताटांचा चौक उभारतात, मध्ये घट मांडतात, देव ठेवतात, दिवटी पाजळतात. वाघ्याच्या हातात दिमडी, जोडीदाराकडे तुणतुणे, मुरळीच्या हातात घोळ म्हणजे घंटी. आधी बोलावणी होतात. जेजुरीच्या खंडेरायापासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत एकेका देवाला त्याच्या गावच्या नावाने हाक मारून जागरणाला या म्हणतात. मग देवाची कथा. वाघ्या देव होतो, मुरळी बाणाई होते, थोड्या वेळाने तीच म्हाळसा होते, आणि या बदलासाठी पदर नीट करण्यापलीकडे कशाचीही गरज पडत नाही. मध्येच यजमानाचे नाव घेतले जाते, मध्येच चहा येतो, मध्येच कोणी म्हातारी उठून ओवाळते. शेवटी पहाटे वाघ्या लोखंडी लंगर तोडतो, तळी उचलली जाते, ‘सदानंदाचा येळकोट’ होतो आणि घरचा नवस फिटतो. भांडणाची गाणी या साऱ्याच्या पोटात येतात. ती ऐकून लोक हसतात, पण त्या हसण्याने देवाचे देवपण उणे होत नाही, कारण ती गाणी म्हणणे हीच त्याची सेवा असते. देवाला तेथे ‘तू’ म्हणतात.

पडद्यावर आल्यावर

मालिकेने कथेतली नावे-गावे प्रामाणिकपणे घेतली. नेवासे आहे, तिम्मशेट आहे, चंदनपुरी आहे, देवाचा कारभारी हेगडी प्रधान आहे, भंडारा आणि येळकोट आहे. ‘कथेची मोडतोड केली’ असा सरसकट आरोप या मालिकेवर करणे मला योग्य वाटत नाही. बदल झाला तो तपशिलात नाही, भांडणाच्या जागेत झाला.

जागरणात भांडण एका रात्रीचे असते आणि श्रोत्याला त्याचा शेवट आधीच ठाऊक असतो. रोजच्या मालिकेत भांडण महिनोन्‌महिने चालवावे लागते. ते चालवायचे तर त्याला कारणे लागतात, गैरसमज लागतात, कान भरणारे लागतात, आजच्या भागात पडलेली ठिणगी उद्यापर्यंत धुमसत ठेवावी लागते. त्यामुळे गाण्यात जी म्हाळसा आपल्या हक्काने, मोकळ्या तोंडाने, सवतीला सवत म्हणून बोलते, ती पडद्यावर बराच काळ रुसलेली, दुखावलेली आणि संशयाने पोळलेली पत्नी होऊन बसते. सुरभी हांडे यांनी ती भूमिका मनापासून केली, त्यात शंका नाही. परंतु गाण्यातल्या म्हाळसेला बाणाईइतकेच टाळीचे बोल असतात, पडद्यावरच्या म्हाळसेच्या वाट्याला प्रामुख्याने अश्रू आणि राग आला. प्रेक्षक आपोआप बाजू घेऊ लागला. घराघरांत ‘मला बानू आवडते’, ‘मला म्हाळसेचे पटते’ अशी विभागणी झाली, आणि गडाची वाटणी करून देवाने जे टाळले होते ते नेमके येथे होऊ लागले.

दुसरी अडचण देवाची. संध्याकाळी घरची सगळी माणसे एकत्र बसून जे पाहतात, त्यात दोन लग्नांचा नायक दाखवायचा होता. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा १९४६ सालीच झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. ‘दोन बायका, फजिती ऐका’ ही म्हण जुनी असली तरी आजच्या प्रेक्षकाला दुसरी पत्नी ही फजितीची नव्हे, अन्यायाची गोष्ट वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे. मग देवाला दोषमुक्त ठेवायचे कसे? त्यासाठी अवतारकथेची चौकट फार उपयोगी पडते. देव शिव आहे, म्हाळसा पार्वती आहे, जे घडते आहे ते कैलासावरच ठरलेले आहे, असे एकदा म्हटले की देवाच्या वागण्याला त्याचे मन जबाबदार राहत नाही, विधिलिखित राहते. ही चौकट मालिकेने शोधून काढलेली नाही, परंपरेतही ती आहे. पण गाण्यात ती मागे उभी असते आणि पुढे एक ओढावलेला, घर सोडून निघालेला, चाकरी पत्करलेला पुरुष असतो. पडद्यावर ती चौकटच पुढे आली. देवदत्त नागे यांचा खंडोबा शांत, संयमी, सर्व जाणणारा आहे. तो चुकत नाही, बावरत नाही, फारसा हरतही नाही. हा देव पूजनीय आहे खरा, परंतु ज्या देवाला वाघ्या ‘कशाला गेला होतास रे चंदनपुरीला’ असे विचारू शकतो, तो हा नव्हे.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची, आणि या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. जेजुरीच्या गाभाऱ्यात देव लिंगरूपात आहे. त्याला मुखवटे चढवतात. घराघरांतल्या देव्हाऱ्यात टाक असतो, बोटभर चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, इतका झिजलेला की कित्येक घरांत देवाचे नाक-डोळे ओळखू येत नाहीत. चित्रांतला खंडोबा घोड्यावर म्हाळसेसह, हाती खंडा उगारलेला असा असतो, पण त्याला एकच एक ठरलेला चेहरा कधी नव्हता. टाकावरच्या देवाला चेहरा नसतो म्हणूनच वाघ्या त्याला म्हातारा करू शकतो, आजारी करू शकतो, चाकर करू शकतो. मालिकेच्या नायकाचा चेहरा आणि कसलेले शरीर हे मात्र मालिकेचे भांडवल असते, ते फार काळ झाकून ठेवणे परवडत नाही. चंदनपुरीच्या चाकरीतली खरी धार त्या ओंगळ रूपात आहे. जिला देव हवा तिला आधी देवाचा तिटकारा यावा, हे गाण्याने योजलेले आहे. देखणा नायक वेश पालटून उभा राहिला की प्रेक्षकाला तो नायकच दिसतो, आणि बाणाईच्या होकारातले धैर्य तेवढे कमी होते.

आमच्या घरी खंडोबा कुलदैवत आहे. मालिका जोरात असताना पुरंदर तालुक्यातल्या एका नातेवाइकाकडे लग्नानंतरचे जागरण होते. एरवी अशा वेळी मुले नऊच्या सुमारास झोपी जातात. त्या रात्री पाच-सहा मुले अगदी चौकाला लागून बसली होती, कारण हेगडी प्रधान कोण आणि बानू कोठली हे त्यांना आता माहीत होते. वाघ्याने चंदनपुरीचे पद घेतले. देव काठी टेकत, खोकत, अंग खाजवत वाड्यावर येतो असे तो गाऊ लागला, कमरेत वाकून चालून दाखवू लागला, तेव्हा सात-आठ वर्षांची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, “हा देव नाही. देव म्हातारा नसतो.” तिच्या आईने तिला दटावले. वाघ्याने दिमडी न थांबवता, वाकलेलाच राहून, तिच्याकडे तोंड केले आणि म्हणाला, “बाणाईबी असंच म्हणाली गं माझे आई!” आणि पुढची ओळ उचलली. ती मुलगी मग पद संपेपर्यंत हलली नाही.

ती मुले मालिकेमुळेच जागी राहिली होती आणि मालिकेमुळेच अडखळली होती. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची नोंद हीच आहे, आणि तिच्यातली एकच बाजू उचलून निवाडा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

बानूच्या वाट्याला काय आले

मालिकेचे सर्वांत मोठे देणे बानू आहे असे मी मानतो. शहरी, पांढरपेशा घरांतल्या कित्येकांना खंडोबाच्या शेजारी म्हाळसा तेवढी माहीत होती. घरच्या पूजेत, आरतीत, चित्रात तीच असते. धनगराची मुलगी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बोली थेट रानातली, ही मालिकेची नायिका होऊन रोज संध्याकाळी घरोघर आली. तिची बोली प्रमाण मराठीपुढे विनोदासाठी उभी केलेली नव्हती. ती रागावली, रडली, लाजली, भांडली ते सारे त्याच बोलीत. गडाच्या पायऱ्यांवर जेथे लोक क्षणभर थांबून पुढे जात होते, तेथे आता थांबणारे पाय थोडे वाढले असतील तर त्यात ईशा केसकर यांच्या बानूचा वाटा आहे, असे मानायला जागा आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. बाणाई पडद्यावर आली, परंतु तिला शतकानुशतके जिवंत ठेवणारा आवाज तिच्याबरोबर आला नाही. तो आवाज मुरळीचा होता. देवाला वाहिलेल्या मुली म्हणजे मुरळ्या, आणि त्यांचे आयुष्य कसे जाई हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चालीविरुद्ध काम केले, १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २००५ साली महाराष्ट्राने देवदासी प्रथा नष्ट करणारा कायदा केला. मुली वाहण्याची चाल गेली पाहिजे होती, याबद्दल दुमत असू नये. आज जागरण पार्ट्यांमधून ज्या स्त्रिया गातात त्या कलावंत म्हणून गातात. परंतु बाणाईच्या पदांत देवाच्या घरी अर्धाच गड मिळालेल्या बाईचे जे दुःख आहे, ते देवाच्या नावाने लग्न लागूनही ज्यांना घर मिळाले नाही अशा बायकांनी गायलेले आहे. हा संदर्भ सुटला की बाणाईची कथा केवळ प्रेमकथा उरते. संध्याकाळच्या मालिकेकडून या प्रश्नाची पूर्ण मांडणी अपेक्षित नाही, हे मान्य. पण तीन वर्षांच्या विस्तारात निवेदक म्हणून एखादी गाणारी बाई, तिची दिमडी आणि तिचा घोळ यांना कायमची जागा देता आली असती. मग तीच बाई कधी म्हाळसेच्या, कधी बानूच्या बाजूने बोलली असती आणि भांडणाची दोन्ही पारडी सावरली गेली असती.

असाच एक सुटलेला धागा मणीचा. पोथीप्रमाणे मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागतो. देवाला पुरणपोळी किंवा भरीत-रोडगा, आणि मणीला बोकडाचा नैवेद्य, अशी सोय परंपरेने लावलेली आहे. एकाच आवारात शाकाहारी देव आणि सामिष नैवेद्य घेणारा त्याचा भक्त सुखाने नांदतात. लोकदैवताचे लोकपण या अशाच सोयींत असते, आणि सर्वांना चालेल असा पडदा उभारताना या सोयीच आधी गळतात. खंडोबाला मल्लूखान म्हणणारे मुसलमान भक्तही आहेत, हेही येथेच नमूद करावे लागते.

पुढच्या मालिकांसाठी

लोकदैवतावर पुन्हा मालिका होणारच आहेत. त्या करणाऱ्यांनी ग्रंथाला चिकटून राहावे, असा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. खंडोबाच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही. ग्रंथाला चिकटले तर बाणाईच हातातून जाईल. त्याऐवजी गाणाऱ्यांना लेखकांच्या खोलीत बसवावे, असे मला सुचवावेसे वाटते. श्रेयनामावलीत आभार मानण्यापुरते नव्हे, तर भांडणाचा प्रसंग लिहिताना म्हाळसेचे बोल कोणते आणि बाणाईचे बोल कोणते हे ठरवायला. ज्यांच्या घरात दोघींचेही माहेर आहे असे लोक अजून गाताहेत. चंदनपुरीत आणि पालीत एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या राण्यांचे उत्सव होतात. ते दोन्ही उत्सव एकाच लेखकाने एकाच वर्षी पाहिले तर म्हाळसेला रडवावे लागणार नाही.

दुसरी सूचना देवाच्या रूपाविषयी आहे. काही भागांपुरता का होईना, देव ओळखू येऊ नये. वेगळा, वयस्क नट घ्यावा. वाघ्याला कमरेत वाकून जे साधते ते पडद्याला का साधू नये?

पुरंदरच्या त्या जागरणात म्हाळसा-बाणाईचे भांडण पहाटे तीनच्या पुढे सुरू झाले. एकच बाई दोन्ही बाजूंनी बोलत होती, पदर कधी डोक्यावर, कधी खोचलेला. वाघ्या मध्ये मान खाली घालून बसला होता. म्हाळसेच्या एका बोलावर घरातल्या बायका हसल्या, बाणाईच्या उत्तरावर मांडवाच्या टोकाला बसलेले शेजारच्या वाड्यावरचे धनगर हसले. भांडण ऐन भरात असताना यजमानाने लंगर पुढे आणून ठेवला, तसे गाणे तेथेच थांबवून वाघ्या उठला. लंगर तुटला, पाच जणांनी तळी उचलली, भंडारा उधळला गेला. चौकाच्या कडेला झोपलेल्या त्या मुलीच्या केसांतही तो पडला आणि तिला कोणी उठवले नाही.